फलकावरची रिकामी चौकट

१

शुक्रवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी चूकशोधे गुरुजींचा फोन आला. याचा अर्थ वार्तापत्र घरोघरी पोचलं होतं.

शाळा-मंडळाच्या पाच शाळांचं हे चार पानी वार्तापत्र महिन्यातून एकदा निघायचं. पहिली तीन पानं झालेल्या घडामोडींची, चौथं पान आगामी कार्यक्रमांचं. बातम्या गोळा करणं, लिहिणं, फोटो काढणं, छापणं आणि घड्या घालणं ही पाच खाती एकाच बाईकडे होती. तिला सगळे बातमीताई म्हणत. चूकशोधे गुरुजी म्हणजे निवृत्त गणित-शिक्षक. ते प्रत्येक अंकातली एक चूक शोधून फोन करत. मागच्या महिन्यात त्यांनी दाखवून दिलं होतं, की तीन पायांच्या शर्यतीत बातमीताईने पाच मुलांना पहिला नंबर दिला आहे आणि हे कुठल्याच पद्धतीने बसत नाही.

"पान चार," गुरुजी म्हणाले. "फोटो. खाली उजवीकडे."

"काय आहे तिथे?"

"काही नाही. तेच तर म्हणतोय."

बातमीताईने अंक उघडला. टेकडीवरच्या शाळेच्या फाटकापाशी असलेल्या काचेच्या फलकाचा फोटो होता. खाली तिनेच मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, 'आपला फलक, सदैव भरलेला!' फलकावर चित्रकला स्पर्धा होती, दात तपासणी होती, हरवलेल्या डाव्या बुटाची सूचना होती. खाली उजवीकडे चार पिना होत्या, चार कोपऱ्यांत, आणि त्यांच्या मधे नुसतं हिरवं कापड.

"तिथे नोटीस हवी होती ना?" गुरुजींनी विचारलं. "विलीनीकरणाची?"

बातमीताईने अंक झटकन मिटला. बाराशे प्रती वाटून झाल्या होत्या.

२

टेकडीवरची शाळा अडतीस मुलांची. ती बंद करून मुलांना खालच्या मोठ्या शाळेत घालायचं, असा प्रस्ताव होता. त्यावर आज संध्याकाळी पाच वाजता मंडळाची सभा मतदान करणार होती. नियम एकच आणि कडक: सभेची नोटीस त्या शाळेच्या फलकावर सात दिवस अखंड लागलेली पाहिजे. मधे तासभर जरी निघाली, तरी सभा बाद. आणि नव्या प्रवेशांआधीची ही शेवटची सभा होती, म्हणजे आज बाद झाली की शाळा आणखी वर्षभर तगली.

नोटीस मागच्या आठवड्यात गुरुवारी लागली होती. आजही ती जागच्या जागी होती. फोटो मात्र सोमवारचा होता.

"फोटो जुना आहे असं म्हणता येईल का हो?" मंडळाच्या खालच्या कार्यालयात अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष भला माणूस. कुठलाही निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना तहान लागायची. आत्ता त्यांचा तिसरा पेला चालू होता.

"नाही म्हणता येणार. फलकाच्या वर पाटी आहे, तिच्यावर शिपाईमामा रोज खडूने वार आणि तारीख लिहितात. फोटोत स्वच्छ सोमवार दिसतोय. मी मधल्या सुट्टीत काढला, सव्वा वाजता."

"म्हणजे सोमवारी कोणीतरी नोटीस चोरली आणि परत लावली!" मंडळाच्या उपप्रमुख बाई कडाडल्या. विलीनीकरणाचा प्रस्ताव त्यांचाच. दोन वर्षं त्यांनी त्यासाठी चपला झिजवल्या होत्या. त्यांच्या टेबलावरचं सगळं प्लॅस्टिकमधे बंद असायचं: दिनदर्शिका, फोनची यादी, एक पिंपळपान. एकदा त्यांनी एका शिक्षकाचा रजेचा अर्जही लॅमिनेट केला होता. मग त्यावर मंजुरीची सही उमटेना, आणि तो बिचारा तापात कामावर आला होता.

"फलकाला कुलूप आहे," बाई म्हणाल्या. "किल्ली एकाच माणसाकडे. टेकडीच्या शाळेचा शिपाई. त्याची शाळा बंद होतेय. याहून सोपं काय असतं? पाच वाजता त्याला उभं करा, आणि चोर सापडला की त्याला घरी पाठवा. आजच्या आज."

"अगदी आजच?" अध्यक्षांनी चौथा पेला भरला.

टेकडीच्या शाळेच्या शिपायाला पाचही शाळा मामा म्हणत. सख्खा मामा मात्र तो तिचा एकटीचा होता.

३

मामा फाटकापाशी फलकाची काच पुसत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला की काहीतरी वाईट असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वेळी तो दाढ काढायला निघाला होता.

"आईचा फोन येऊन गेला," बातमीताई म्हणाली. "म्हणाली, माझ्या भावाला काही झालं तर तुझं ते छापखान्याचं दुकान मी बंद पाडीन."

"तिला सांग, मी जेवलोय."

"मामा, नोटीस तू काढलीस?"

"नाही."

"मग बरंय."

"पाच वाजता काढलेली असेल," मामा म्हणाला आणि त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. सुंदर वळणदार अक्षरात कबुलीजबाब होता. 'मी स्वखुशीने, शुद्धीत राहून, सोमवारी दुपारी...'

"हे काय आहे?"

"बघ, विचार केला. नुसत्या फोटोवरून अध्यक्ष काही ठरवणार नाहीत, मी काढली म्हटलं की सभा बाद. सभा बाद की शाळा राहते. मला काढतील, ते ठीक आहे. अडतीस पोरं आणि एक मी. यात काय अवघड आहे?"

"तू खोटं बोलणार?"

"एकदाच. एकतीस वर्षांत एकदा. एवढं चालतं गं."

बातमीताईला त्याला मिठी मारावी की तोच कागद त्याच्या तोंडात कोंबावा, हे ठरेना. खऱ्या चोराला पाचच्या आत गाठलं नाही, तर मामा स्वतःच्या हाताने आपल्या नावावर चोरी लावून घेणार होता.

"किल्ली कुठे असते तुझी?"

मामा इतका ओशाळला, की त्याने पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. "खिशात ठेवायचा नियम आहे."

"आणि असते कुठे?"

तो तिला वरांड्यात घेऊन गेला. भिंतीवर एक खिळा होता. खिळ्यावर चिठ्ठी होती, 'येथे किल्ली ठेवलेली नाही.' चिठ्ठीच्या खाली किल्ली लटकत होती.

"खिशातून पडते," मामा म्हणाला. "म्हणून इथे ठेवली. पण चोराची दिशाभूल करायला नको का?"

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही." त्याने जरा विचार केला. "म्हणजे शाळेतल्या सगळ्यांना."

"सोमवारी दुपारी तू कुठे होतास?"

"पाण्याची टाकी धूत होतो. आत. साडेबारा ते अडीच. बाहेर आलो, काच पुसली, नोटीस होती. उलट छान चकाकत होती. म्हटलं, आपल्या पुसण्याला यश आलं."

"तू या नोटिशीची काच रोज पुसतोस? जी नोटीस तुझी शाळा बंद करणार आहे, तिची?"

"नोटिशीने काय घोडं मारलंय?" मामा म्हणाला. "ती आपली लावलीय तिथे. धूळ बसली तर वाचणार कसं कोण?"

४

पहिला संशयित फाटकासमोरच उभा होता, बसमधे. शाळेच्या बसचा हा चालक ब्रेक असा मारायचा, की मागच्या बाकावरची मुलं चालत न जाता पुढे पोचायची. म्हणून त्याला ब्रेकदादा म्हणत. टेकडीची शाळा बंद झाली की टेकडीची फेरीही बंद होणार होती.

"दादा, बस आठवडाभर इथेच का उभी असते? थांबा तर तिकडे, झाडाखाली आहे."

"गाडीला सावली सोसत नाही."

"दादा."

"बरं, फलकासमोर लावली! नोटीस कोणी वाचू नये म्हणून. वाचलीच नाही तर लोकांना सभेचं कळणार कसं?"

"लोकांना कळलं नसतं, तर विरोध करायला तरी कोण आलं असतं?"

ब्रेकदादाने यावर खरोखर विचार केला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "हे मला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"सोमवारी दुपारी कोणाला फलकाजवळ पाहिलंस?"

"दुपारी मी आडवा असतो. शेवटच्या बाकावर. पण उपप्रमुख बाईंच्या गाडीने दोनदा झोपमोड केली. हॉर्न वाजवतच चढतात ना त्या, वळण असो नसो. एकदा बाराच्या सुमाराला आल्या. मग पुन्हा दोनच्या सुमाराला आल्या."

"दोनदा चढल्या? मधे उतरल्या होत्या?"

"एकदा चढलेली गाडी पुन्हा चढायची, तर मधे उतरावंच लागतं ताई. एवढं मला ड्रायव्हिंगमधलं कळतं."

दुसऱ्या संशयित म्हणजे टेकडीच्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांनी बातमीताईला बसायला सांगितलं, दार लावलं, आणि एक शब्द विचारायच्या आत गुन्हा कबूल केला.

"मीच केलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला झोप नाही गं. मुलांना हाताशी धरलं मी. लहान मुलांना!"

"काय केलंत?"

"बागकामाचा तास. फलकाच्या छपरावर चढलेला वेल आहे ना, त्याला वरून पाणी घालायला लावलं. रोज. भरपूर. फलकाच्या छपरातून जरा गळतं, मला माहीत होतं. वाटलं, नोटीस भिजेल, शाई पसरेल, वाचता येणार नाही. मग ती नोटीस राहणार नाही. सोमवारी तर तिच्यावर चांगले तीन-चार ओघळ उतरले होते." त्यांनी डोळे पुसले. "पण चोरली नाही. चोरायचं धैर्यच नाही माझ्यात. मी पाणी घालणारी बाई."

"सोमवारी उपप्रमुख बाई आल्या होत्या ना?"

"बाकं मोजायला. आमची बाकं खालच्या वर्गात मावतील का, ते बघायचं होतं त्यांना. पाणी घालत होती मुलं, तेव्हाच आल्या. जरा वेळाने म्हणाल्या, मोजपट्टी विसरले, खाली जाऊन आणते. मला जरा नवल वाटलं."

"का?"

"मोजपट्टी त्यांच्या हातातच होती."

५

आता एक वाजला होता. बातमीताईने अध्यक्षांना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला: गेल्या गुरुवारी नोटीस लागली, तेव्हा ती कशी होती?

"कशी म्हणजे? साधी. कागद. घाई झाली हो. मी सही टेकडीच्या फाटकापाशीच केली, गाडीच्या टपावर ठेवून. तिथल्या तिथे मीच चार पिना टोचून लावली. अंगठ्यालाही एक टोचली. बघू, तुम्हाला दाखवता येतं का..."

"फोनवर नको," बातमीताई म्हणाली. "मंडळाची बाकी सगळी पत्रकं प्लॅस्टिकमधे येतात ना? ही तशी नव्हती?"

"शक्यच नाही. शाई ओली होती अजून."

ती फाटकाकडे गेली. खिळ्यावर जी किल्ली नव्हती ती काढून तिने फलक उघडला. "काढू नकोस हं," मामा मागून घाईने म्हणाला. "सभा व्हायची आहे अजून. आज काढलीस तर तुझ्यावर येईल."

"काढत नाही. नुसती बघते."

नोटीस प्लॅस्टिकमधे होती. गुळगुळीत, चकाकती, कडेला दोन बोटं पारदर्शक पट्टी. त्या पट्टीतून चार पिना टोचलेल्या होत्या. बाकीच्या पत्रकांसारखीच दिसत होती, म्हणूनच आठवडाभर कोणाच्या डोळ्यांत भरली नव्हती.

बातमीताईने नाक प्लॅस्टिकला लागेल इतकं जवळ नेलं. पट्टीच्या आत मूळ कागदाचे कोपरे होते. चारही कोपऱ्यांत पिनेएवढं एकेक बारीक भोक होतं. तिने त्यांतल्या एकावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. भोक कागदाला होतं, प्लॅस्टिकला नव्हतं.

ती इतका वेळ तशीच उभी राहिली, की ब्रेकदादाने बसमधून विचारलं, "ताई, मान अडकली का?"

"मामा," ती म्हणाली, "आपण सगळे सकाळपासून चुकीचा माणूस शोधतोय. नोटीस नकोशी कोणाला होती, ते विचारत बसलो. नोटिशीवर जिवापाड प्रेम कोणाचं होतं, ते विचारायला हवं होतं."

"मग सांग ना कोणाचं."

"पाच वाजता. आणि तो कागद खिशातून काढायचा नाही. आईची शपथ."

"कोणाच्या आईची?"

"तुझ्या बहिणीची!"

६

टेकडीच्या शाळेत सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. बस आठवडाभर आडवी उभी असूनही सगळ्या गावाला कळलं होतं. मामा पहिल्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट, हात खिशावर.

"शिपाईमामांना काय सांगायचं आहे?" अध्यक्षांनी पेला खाली ठेवत विचारलं.

मामा उठला. खिशातला कागद अर्धा बाहेर आला होता.

"आधी मला बोलायचंय," बातमीताई म्हणाली. "सोमवारी नोटीस निघाली होती, हे खरं आहे. गुरुवारी ती साधा कागद म्हणून लागली, अध्यक्षांच्या अंगठ्यावर पुरावा आहे. आज ती प्लॅस्टिकमधे आहे. कागदाच्या कोपऱ्यांना पहिल्या पिनांची भोकं आहेत आणि त्यांच्यावर प्लॅस्टिक सलग आहे. म्हणजे ती आधी लागली, मग निघाली, मग प्लॅस्टिक चढलं, मग पुन्हा लागली. मंडळाकडे ते यंत्र एकच आहे, खालच्या कार्यालयात. मामांना टेकडी उतरायला पाऊण तास लागतो, चढायला सव्वा. साडेबारा ते अडीच ते टाकीत होते, आणि टाकीत यंत्र नाही."

सभेत कुजबुज झाली. उपप्रमुख बाई सगळ्यांत जास्त मन लावून ऐकत होत्या. चोर कोण, याची त्यांना खरीच उत्सुकता होती. बातमीताईला त्या क्षणी कळलं, की बाई लपवत काहीच नाहीयेत. त्यांच्या डोक्यात हे दोन धागे एकमेकांना भेटलेलेच नाहीत. आता ते भेटवायचे कसे? सरळ विचारलं असतं तर बाई सावध झाल्या असत्या.

"ज्याने कोणी हे केलं," बातमीताई म्हणाली, "त्याला लॅमिनेशन मुळीच जमत नाही. फार गचाळ काम आहे. कडा वाकड्या, मधे बुडबुडे..."

"कुठे आहे बुडबुडा?" उपप्रमुख बाई ताडकन उठल्या. "एक बुडबुडा दाखव मला! मी आधी हातरुमालाने टिपून घेतली, दोन पुठ्ठ्यांत दाबून वाळवली, मग यंत्रात घातली. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही बुडबुडा आलेला नाही!"

सगळी सभा त्यांच्याकडे वळली.

"भिजत होती ती," बाई समजावत म्हणाल्या. "पाणी टपकत होतं तिच्यावर. सही पसरली असती तर? दोन वर्षांचं काम आहे माझं! म्हणून मुलांना विचारून खिळ्यावरची किल्ली घेतली, नोटीस काढली, खाली नेली, व्यवस्थित बंद करून परत लावली. दोन तास लागले फार तर. चोरी कसली? ती पूर्ण वेळ माझ्याच जवळ..."

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो, ते बाईंच्या कानांपर्यंत पोचलं. त्या हळूच खाली बसल्या.

"म्हणजे," मागून चूकशोधे गुरुजींचा आवाज आला, "सात दिवसांतून दोन तास वजा."

"अखंड नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की सगळ्यांना कळलं, या माणसालाही शाळा बंद करायची नव्हती, नुसतं नाही म्हणायचं जमत नव्हतं. "सभा बाद. मतदान नाही. पुढचा विचार पुढच्या वर्षी, आणि तोही... बघू. शिपाईमामांचा काही संबंध नाही. तसं लिहून घ्या. मामा, बसा. तुमच्या हातात ते काय आहे?"

"काही नाही," मामा म्हणाला आणि त्याने कागद तोंडात घातला. चावायला वेळ लागला. कबुलीजबाब दीड पानी होता.

मोठ्या बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. ब्रेकदादाने एकदम एवढ्या जोरात टाळी वाजवली, की पुढच्या रांगेतल्या चौघांनी मागे वळून पाहिलं. उपप्रमुख बाई आपल्या खुर्चीत एकट्याच होत्या. बातमीताई त्यांच्याजवळ गेली.

"बुडबुडा नव्हता बाई. खोटं बोलले मी. फार सुरेख काम आहे."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कडाही सरळ होत्या ना?"

"एकदम सरळ."

बाहेर पायऱ्यांवर मामा बसला होता. अजून थोडं चघळत होता. उन्हं कलली होती आणि माणसं मोठमोठ्याने बोलत उतारावरून खाली चालली होती. बातमीताई त्याच्या शेजारी टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा जीव भांड्यात पडला होता आणि आता तिला एवढं हलकं वाटत होतं, की उठायची भीती वाटत होती.

"मामा, आता काय?"

मामाने घास गिळला. शर्टाचं वरचं बटण सोडलं. बाही दुमडली, मग दुसरी दुमडली.

"आता काय," तो म्हणाला. "उद्या शाळा आहे."